उंदराचे आठवडे आणि माणसाची वर्षं

टाइप १ मधुमेहाच्या संशोधनात एक वाद कित्येक वर्षं चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही. वाद एका पांढऱ्या उंदरावरून आहे. त्याचं पूर्ण नाव 'नॉन-ओबीस डायबेटिक', म्हणजे लठ्ठ नसलेला मधुमेही. प्रयोगशाळांत त्याला नुसतं 'नॉड' म्हणतात. या उंदराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याच्याच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. मुलांना होणाऱ्या टाइप १ मधुमेहाचं मूळही हेच. एक बाजू म्हणते, हा आजार आतल्या आत कसा वाढतो हे आपल्याला या उंदरामुळे कळलं. दुसरी म्हणते, या उंदराने बरं होण्याची आशा पुनःपुन्हा दाखवली आणि ती दर वेळी फोल ठरली. दोघांकडेही पुरावा आहे, म्हणून दोघांना इथे समोरासमोर बसवलं आहे: एक मुलांच्या मधुमेहावर उपचार करणारे डॉक्टर आणि दुसऱ्या नॉड उंदरांवर काम करणाऱ्या संशोधिका. पात्रं कल्पित आहेत, त्यांच्या तोंडचे पुरावे खरे आहेत. माझं मत मी मध्येमध्ये उघडपणे मांडणार आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो: उंदराची साक्ष ग्राह्य धरावी, पण ती त्याच्या कितव्या आठवड्यातली आहे हे विचारल्याशिवाय धरू नये.

डॉक्टर : मॅडम, मी थेट हिशेबावर येतो. १९९९ साली मार्क अ‍ॅटकिन्सन आणि एडवर्ड लायटर यांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये नॉड उंदराचा आढावा घेतला. तोपर्यंत या उंदराचा मधुमेह टाळण्याचे किंवा लांबवण्याचे शंभराहून अधिक उपाय छापून आले होते. आहार बदलला तरी उंदीर वाचतो, निकोटिनामाइड हे जीवनसत्त्व दिलं तरी वाचतो, मधुमेह होण्याआधीच इन्सुलिन टोचलं तरी वाचतो. बीसीजीची लस दिली तरीसुद्धा वाचतो. आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी टोचलीच जाते; तरी ज्या मुलांना टाइप १ व्हायचा त्यांना तो होतोच. माझ्याकडे आलेल्या मुलाला मी आजही इन्सुलिनच देतो, जे १९२२ साली पहिल्यांदा एका मुलाला दिलं गेलं. शंभर उपायांनी बरा होणारा हा प्राणी माणसाच्या आजाराचा नमुना आहे, यावर मी विश्वास का ठेवावा?

संशोधिका : तुमचा हिशेब बरोबर आहे, डॉक्टर, आणि तो मी खोडणार नाही. पण उपायांची यादी बाजूला ठेवून आधी त्या उंदरात काय घडतं ते पाहू. हा उंदीर जपानमधल्या शिओनोगी या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मिळाला. तिथे माकिनो आणि त्यांचे सहकारी उंदरांचे वेगवेगळे वाण तयार करत होते. एका वाणाची उपाशीपोटीची साखर किंचित जास्त होती, तर तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या वाणाची अगदी नेहमीसारखी. आणि १९७४ साली त्या नेहमीसारख्या वाणातलीच एक मादी भराभर वाळू लागली, सारखी लघवी करू लागली आणि तिच्या लघवीत साखर सापडली. १९८० साली त्यांनी तिच्या वंशाची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे उपाशीपोटीची साखर या आजाराबद्दल काहीच आधी सांगत नाही, हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आज कुठल्याही प्रयोगशाळेत जा, मधुमेह झालेल्या नॉडची पहिली खूण म्हणजे पिंजऱ्यातला ओला भुसा. मग शेपटीच्या टोकाला टोचून रक्ताचा एक थेंब घेतात आणि तुमच्या रुग्णांकडे असतं तसंच ग्लुकोमीटर वापरतात. लागोपाठ दोनदा २५० मिलिग्रॅमच्या वर आकडा आला की उंदीर मधुमेही धरला जातो. वसाहतीतल्या मादीच्या बाबतीत हा दिवस बहुधा बाराव्या ते चौदाव्या आठवड्यानंतर येतो. तिसाव्या आठवड्यापर्यंत माद्यांपैकी ६० ते ८० टक्के आणि नरांपैकी २० ते ३० टक्के मधुमेही होतात.

डॉक्टर : हे लक्षणांचं झालं. लक्षणं तर मलाही दिसतात. त्याआधीचं काय?

संशोधिका : आधीचं तेच तर खरं. बाराव्या आठवड्यात दिसणारा आजार तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेला असतो. पिल्लू दोन आठवड्यांचं असताना त्याच्या स्वादुपिंडात बीटा पेशी मरण्याची एक नैसर्गिक लाट येते. ती निरोगी वाणांच्या पिल्लांमध्येही येते. वाढत्या अवयवाची ती जुळवाजुळव असते. मेलेल्या पेशींचे तुकडे उचलून काही पेशी ते स्वादुपिंडाजवळच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि तिथे टी-पेशींना, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. निरोगी वाणात यातून काही निघत नाही. नॉडमध्ये मात्र ते तुकडे धरून दाखवणारा रेणूच वेगळ्या घडणीचा आहे, आणि इन्सुलिनचा एक छोटा भाग त्यात अशा तऱ्हेने बसतो की त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या टी-पेशी थायमस या ग्रंथीतल्या छाननीतून निसटून आलेल्या असतात. २००५ साली नाकायामा आणि सहकाऱ्यांनी असे नॉड तयार केले ज्यांच्या इन्सुलिनच्या त्या भागातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं, आणि मूळ इन्सुलिन त्यांच्यात अजिबात नव्हतं. त्या उंदरांना मधुमेह झाला नाही. लसिका ग्रंथींचं महत्त्व दाखवणारा २००२ सालचा प्रयोग तर मला याहून बोलका वाटतो. स्वादुपिंडाजवळच्या या ग्रंथी तिसऱ्या आठवड्यात काढून टाकल्या तर जवळजवळ सगळे उंदीर वाचले. त्याच ग्रंथी दहाव्या आठवड्यात काढल्या, तर काहीही फरक पडला नाही. तीच शस्त्रक्रिया, तोच वाण. मधल्या सात आठवड्यांत आजार त्या ग्रंथींतून निघून पुढच्या मुक्कामी पोचला होता.

इथे मी थोडं थांबतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद या प्रयोगावर उभा आहे. 'अमुक केलं आणि उंदराचा मधुमेह टळला' या वाक्यात अर्धीच माहिती असते. तिसऱ्या आठवड्यात टळला, की तेराव्या? पहिल्या बाबतीत आपण आजाराची सुरुवात रोखली, दुसऱ्या बाबतीत पेटलेला आजार विझवला. दोन्हींसाठी शब्द एकच वापरतात, म्हणून वाचणाऱ्याला ती एकच गोष्ट वाटते. शंभर उपायांच्या त्या यादीतले बहुतेक उपाय पहिल्या जातीचे होते.

डॉक्टर : थांबा, मला मधला काळ कळलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात टी-पेशी चिथावल्या गेल्या, बाराव्यात साखर वाढली. मधले दोन महिने त्या पेशी करत काय असतात? संथपणे एकेक बीटा पेशी मारत असतात? जॉर्ज आयझेनबार्थ यांनी १९८६ साली माणसाबद्दल तेच चित्र काढलं होतं: खाली उतरत जाणारी एक रेषा, आणि ती पुरेशी खाली आली की मधुमेह.

संशोधिका : ती आकृती अजूनही पाठ्यपुस्तकात आहे, आणि तिच्यामुळेच लोकांना कळलं की हा अचानक होणारा आजार नाही. पण उंदराने ती दुरुस्त केली. स्वादुपिंडाचा पातळ छेद रंगवून काचपट्टीवर पाहिला तर बीटा पेशींचे समूह, म्हणजे इन्सुलिनची बेटं, फिकट गुलाबी गोल ठिपक्यांसारखी दिसतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्यांच्या कडेला, रक्तवाहिनी जिथून आत शिरते त्या बाजूला, गडद निळ्या केंद्रांच्या पेशी जमू लागतात. आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत त्यांचा पुंजका बेटाएवढा मोठा होतो. पण त्यातल्या बऱ्याचशा गावाच्या वेशीवर थांबलेल्या जमावासारख्या बाहेरच असतात. आतल्या बीटा पेशी शाबूत असतात आणि साखर नेहमीसारखी. कित्येक नर उंदीर आयुष्यभर याच अवस्थेत राहतात. स्ट्रासबुर्गमध्ये डायान मॅथिस आणि ख्रिस्तोफ बनवा यांच्या गटाने १९९३ साली असा उंदीर तयार केला ज्याच्या जवळजवळ सगळ्या टी-पेशी बीटा पेशींवरच रोखलेल्या होत्या. तुम्हाला वाटेल तो चार आठवड्यांत मधुमेही होईल. त्याची बेटं तिसऱ्या आठवड्यातच वेढली गेली, पण मधुमेह एक तर कितीतरी उशिरा झाला किंवा झालाच नाही. सायक्लोफॉस्फामाइड हे रोगप्रतिकारक पेशी मारणारं औषध दिल्यावर मात्र तोच उंदीर काही दिवसांत मधुमेही झाला. म्हणजे दोन वेशी आहेत. पहिली ओलांडली की बेटाभोवती गर्दी जमते. दुसरी ओलांडली की बीटा पेशींचा संहार सुरू होतो. आणि दुसऱ्या वेशीवर कोणीतरी पहारा देत असतं.

डॉक्टर : पहारा देणाऱ्या म्हणजे नियामक टी-पेशी.

संशोधिका : हो. त्या आहेत याचा पुरावा तसा साधा आहे. मधुमेही नॉडच्या प्लीहेतल्या पेशी किरणांनी रोगप्रतिकारक पेशी मारलेल्या नॉडला टोचल्या की काही आठवड्यांत त्यालाही मधुमेह होतो. पण त्यांच्याबरोबर निरोगी, लहान नॉडच्या टी-पेशी टोचल्या तर होत नाही. मारणाऱ्या आणि आवरणाऱ्या, दोन्ही एकाच अंगात असतात. लसिका ग्रंथींत आणि बेटांमध्ये त्यांचं पारडं आठवड्या-आठवड्याला वरखाली होतं. बीटा पेशींवर रोखलेल्या मारक टी-पेशींची रक्तातली संख्या दर आठवड्याला मोजली गेली तेव्हा ती सरळ चढत गेली नाही. वाढली, ओसरली, पुन्हा वाढली. उतरणारी रेषा हे सोयीचं चित्र आहे. घडतं ते चढउतारांतून.

डॉक्टर : हे सगळं मला पटतं, मॅडम, उंदरापुरतं. आता माझी बाजू ऐका. अमेरिकेत २००७ पासून अवयवदात्यांची स्वादुपिंडं जमा करण्याचा एक उपक्रम चालू आहे, एनपॉड नावाचा. टाइप १ असलेल्या माणसाचं स्वादुपिंड पहिल्यांदा इतक्या नीट पाहायला मिळालं, आणि काय दिसलं? बेटांभोवती तुमची ती गर्दी जवळजवळ नाहीच. शेवटी २०१३ साली तज्ज्ञांना ठरवावं लागलं की किमान तीन बेटांना प्रत्येकी पंधरा पांढऱ्या पेशी चिकटलेल्या दिसल्या तर त्याला बेटांचा दाह म्हणायचं. पंधरा! तुमच्या उंदरात एका बेटाभोवती शेकड्यांनी असतात. दुसरं, माणसात मुलगे आणि मुली साधारण सारख्याच प्रमाणात आजारी पडतात, तुमच्याकडे माद्या तिप्पट. तिसरं, बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, नसलेला नॉड मधुमेहापासून वाचतो. पण २००१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये एका मुलाची नोंद आली, ज्याला जन्मजात बी-पेशी जवळजवळ नव्हत्याच, तरी टाइप १ झाला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुमचे सगळे नॉड भावा-बहिणींत पिढ्यानपिढ्या वाढवलेले, जनुकांच्या दृष्टीने एकमेकांच्या प्रती. म्हणजे तुम्ही एकाच रुग्णावर हजारो प्रयोग केलेत. माझ्या वॉर्डात प्रत्येक मूल वेगळं असतं.

संशोधिका : शेवटचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. नॉड हा एकच रुग्ण आहे, आणि तोही विचित्र. त्याच्या आतड्यातले जंतूसुद्धा निकालात ढवळाढवळ करतात. जंतुमुक्त पिंजऱ्यात वाढवलं तर नर-मादीतला तो फरकच नाहीसा होतो. २०१३ साली प्रौढ नरांच्या आतड्यातले जंतू लहान माद्यांना दिले, तर त्या माद्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि मधुमेह कमी झाला. पण एकच रुग्ण असला म्हणून तो खोटा ठरत नाही. नॉडचा तो वेगळ्या घडणीचा रेणू आणि टाइप १ असलेल्या अनेक माणसांमध्ये आढळणारा डीक्यू८ हा रेणू, दोघांच्या एकाच जागेवर, सत्तावन्नाव्या जागेवर, अ‍ॅस्पार्टिक आम्ल नाही. १९८७ साली माणसाच्या जनुकांवरून टॉड, बेल आणि मॅकडेविट यांनी हे दाखवलं, आणि उंदरात तेच आढळलं. एकमेकांपासून कोट्यवधी वर्षं दूर गेलेल्या दोन प्राण्यांमध्ये आजाराचं दार एकाच जागी सापडावं, याला मी योगायोग म्हणणार नाही.

डॉक्टरांच्या आक्षेपांपैकी गर्दीच्या आकड्याचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, पण तो ते समजतात तितका निर्णायक नाही. दान केलेली बहुतेक स्वादुपिंडं आजार उघड झाल्यावरची, म्हणजे आठवड्यांच्या या कालगणनेच्या शेवटच्या पानावरची असतात. ज्यांच्या रक्तात अँटिबॉडी आहेत पण साखर अजून ठीक आहे, अशांची मोजकीच मिळतात. उंदराचं स्वादुपिंड मात्र दर आठवड्याला पाहता येतं. म्हणून माणसात आठवडे मोजायचे तर स्वादुपिंडाऐवजी रक्ताकडे वळावं लागतं, आणि तिथे चित्र ओळखीचं दिसू लागतं. कोलोरॅडो, फिनलंड आणि जर्मनीत हजारो मुलांचं जन्मापासून रक्त तपासत ठेवलं गेलं. १३ हजारांहून अधिक मुलांची ही माहिती अ‍ॅनेटे-गॅब्रिएल झिगलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एकत्र मांडली. बीटा पेशींविरुद्ध दोन किंवा अधिक प्रकारच्या अँटिबॉडी ज्या मुलांत तयार झाल्या, त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के मुलांना पुढच्या दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच अँटिबॉडी असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के मुलांनाच झाला. कोणाला काही महिन्यांत, कोणाला पंधरा वर्षांनी. पहिल्या अँटिबॉडी बहुतेक वेळा नऊ महिने ते दोन वर्षं या वयात उमटतात. म्हणजे इथेही पहिली वेस बालपणीच ओलांडली जाते, इथेही वेढा पडून बेटं दीर्घकाळ तग धरतात, इथेही काही जण दुसऱ्या वेशीपर्यंत पोचत नाहीत. २०१५ साली टाइप १ च्या तीन पायऱ्या अधिकृतपणे ठरवल्या गेल्या: अँटिबॉडी आहेत पण साखर ठीक, मग साखर डळमळीत, मग लक्षणं. नॉडच्या काचपट्टीवर याच क्रमाने घडणारं सगळं आधी दिसलं होतं.

डॉक्टर : क्रम जुळतो, मान्य. पण मग उपाय का जुळत नाहीत? डीपीटी-१ या चाचणीत रुग्णांच्या धोका असलेल्या नातेवाइकांना आधीच इन्सुलिन दिलं. २००२ साली निकाल लागला: काही उपयोग नाही. एका युरोपीय चाचणीत पाचशेहून अधिक लोक घेऊन निकोटिनामाइड तपासलं, २००४ साली निकाल लागला: शून्य. दोन्ही उपाय तुमच्या उंदरात चालले होते.

संशोधिका : ते कोणत्या आठवड्यात चालले होते, ते बघा. उंदरात हे उपचार आजाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत सुरू झाले होते. चाचणीतल्या माणसांच्या रक्तात मात्र अँटिबॉडी आधीच होत्या, म्हणजे पहिली वेस मागे पडली होती. आठवतात ना त्या लसिका ग्रंथी? तिसऱ्या आठवड्यात काढल्या तर उंदीर वाचतो, दहाव्यात नाही. आपण माणसांना दहाव्या आठवड्यात तिसऱ्या आठवड्याचं औषध दिलं.

डॉक्टर : हे उत्तर मला अपेक्षित होतं, आणि म्हणूनच मी ट्रिगर ही चाचणी शेवटी ठेवली होती. गाईच्या दुधातली प्रथिनं तोडून दिली तर मधुमेह होऊ घातलेले उंदीर आणि मोठे उंदीर (रॅट) वाचतात, असं दिसलं होतं. त्यावरून १५ देशांत २,१५९ बाळांवर चाचणी झाली. या बाळांच्या रक्तात अँटिबॉडी तयार झालेल्या नव्हत्या. स्तनपान कमी करताना, म्हणजे अगदी तुमच्या तिसऱ्या आठवड्यात, त्यांना वेगळं दूध दिलं आणि दहा वर्षांहून अधिक काळ पाहिलं. २०१८ साली निकाल आला. तोडलेल्या प्रथिनांच्या गटात ८.४ टक्क्यांना मधुमेह झाला आणि साध्या दुधाच्या गटात ७.६ टक्क्यांना. वेळ चुकली होती, हे इथे म्हणता येणार नाही.

संशोधिका : नाही म्हणत. तुम्ही इथे मला पकडलंत, आणि मी माझं उत्तर बदलते. वेळ चुकणं हे एकच कारण नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतला नॉड कशानेही हलतो. त्याला एखाद्या विषाणूचा संसर्ग झाला, मायकोबॅक्टेरियाचा अंश टोचला, खाणं बदललं, नुसता पिंजऱ्यातला जंतूंचा संसार बदलला, तरी मधुमेहाचं प्रमाण खाली येतं. तिसऱ्या आठवड्यात इतक्या सहज वळणारा प्राणी तिसऱ्या आठवड्याचा कमकुवत साक्षीदार असतो. त्या वयात उपाय चालला, तर उपाय चांगला की उंदीरच डळमळीत, हे सांगता येत नाही. पण उशिराच्या आठवड्यांत तो असा हलत नाही. शेपटीच्या थेंबात साखर वाढली, भुसा ओला झाला, की नॉडला माघारी आणणं फार कठीण. तिथे त्याने साक्ष दिली तर ती ऐकावी लागते.

डॉक्टर : आणि तिथे त्याने साक्ष दिली आहे?

संशोधिका : दिली आहे. १९९४ साली पॅरिसमध्ये लुसिएन शातनू आणि जाँ-फ्रांस्वा बाक यांच्या गटाने मधुमेह उघड झालेल्या नॉडना टी-पेशींच्या सीडी३ या रेणूवर चिकटणारी अँटिबॉडी दिली, फक्त पाच दिवस, अगदी कमी मात्रेत. निम्म्याहून अधिक उंदरांची साखर पूर्ववत झाली आणि महिनोन् महिने तशीच राहिली. त्यांच्या शरीराने त्याच वाणाची नवी बेटं स्वीकारली, पण परक्या उंदराची त्वचा नेहमीसारखी नाकारली. म्हणजे रोगप्रतिकारशक्ती दडपली गेली नव्हती; फक्त बीटा पेशींवरचा राग निवला होता. आणि हेच औषध लहान, मधुमेह न झालेल्या नॉडना दिलं, तर तसा टिकाऊ परिणाम दिसला नाही. शंभर उपायांच्या यादीत हा उपाय उलटा बसतो: लवकर निकामी, उशिरा प्रभावी. त्यावरूनच टेप्लिझुमॅब हे सीडी३ वरचं औषध माणसाच्या टाइप १ वर आजमावलं गेलं. केव्हन हेरोल्ड यांनी ते नुकत्याच निदान झालेल्या रुग्णांना दिलं आणि २००२ साली निकाल प्रसिद्ध केला. २०१९ साली दुसऱ्या पायरीवर असलेल्या, रुग्णांच्या ७६ नातेवाइकांवरच्या चाचणीचा निकाल आला. चौदा दिवसांच्या एका उपचाराने मधुमेह होण्याचा मध्य काळ सुमारे २४ महिन्यांवरून ४८ महिन्यांवर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने आठ वर्षांवरच्या लोकांसाठी त्याला परवानगी दिली. टाइप १ पुढे ढकलणारं ते पहिलं औषध, आणि ते नॉडच्या शेवटच्या आठवड्यांतून आलं.

डॉक्टर : ढकलणारं. बरं करणारं नाही. तुमच्या उंदराची साखर कायमची उतरली. माणसाला सरासरी दोन वर्षं मिळाली. निदान झालेल्या मुलांवरच्या २०२३ सालच्या चाचणीत इन्सुलिन बनवण्याची क्षमता जास्त टिकली, पण टोचायच्या इन्सुलिनची मात्रा आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांत ठळक फरक पडला नाही. १९९४ ते २०२२, अठ्ठावीस वर्षं लागली. आणि या औषधाचा उपयोग दुसऱ्या पायरीवरच्या मुलाला. ते मूल मला भेटतं कुठे? टाइप १ झालेल्या दहापैकी जवळजवळ नऊ मुलांच्या घरात आधी कोणालाच तो नसतो, म्हणून त्यांचं रक्त कोणी तपासत नाही. आपल्याकडे तर पुष्कळ मुलं रक्तात आम्ल साचून, उलट्या करत, बेशुद्धीच्या काठावर येतात. तुमची गणना संपते तिथे माझी सुरू होते.

संशोधिका : दोन वर्षं थोडी आहेत, हे मी आठ वर्षांच्या मुलाच्या आईसमोर म्हणणार नाही. दोन वर्षं म्हणजे रोजच्या सुया, रात्री साखर उतरण्याची धास्ती, शाळेतला डबा मोजून देणं, हे सगळं दोन वर्षांनी पुढे. पण माणूस उंदराइतका बरा झाला नाही, हे खरं. माणूस शेवटपर्यंत उंदरासारखा वागतही नाही. नॉडच्या बीटा पेशी निदानानंतर भराभर संपतात. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्राने पन्नास वर्षांहून अधिक काळ टाइप १ सोबत जगलेल्या लोकांचा अभ्यास केला, तर त्यांच्यातल्या अनेकांच्या शरीरात अजूनही थोडं स्वतःचं इन्सुलिन तयार होत होतं. नॉडची कालगणना इथे माणसाशी जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथे ती लावू नये, एवढंच मी म्हणेन.

दोघांनी एकमेकांना बरंच दिलं, तरी माझा कौल एका बाजूला झुकतो. नॉडचा दोष त्याच्या जनुकांत आहेच, पण त्याहून मोठी चूक त्याची साक्ष नोंदवण्याच्या पद्धतीत झाली. वय, आठवडा, उपचाराच्या दिवशीची साखर, नर की मादी, वसाहतीत एरवी किती मधुमेही होतात, ही माहिती मथळ्यातून गळत गेली आणि 'उंदीर बरा झाला' एवढंच उरलं. ही माहिती परत लावली की शंभर उपायांची यादी आपोआप लहान होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू केलेले बहुतेक उपाय बाजूला ठेवावे लागतात. मधुमेह उघड झाल्यावर, साखर २५० च्या वर गेल्यावर चाललेले उपाय थोडेच उरतात, आणि माणसात काहीतरी करून दाखवणारं औषध त्या थोड्यांतूनच आलं. डॉक्टर म्हणतात तसं एकाच उदाहरणावरून नियम ठरवता येत नाही. पण उलट बाजूचं, म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत चाललेलं आणि मग माणसात मधुमेह लांबवण्यासाठी परवानगी मिळालेलं, एकही औषध या यादीत नाही.

डॉक्टरांची तक्रार मात्र उंदरापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. माणसाचे तिसऱ्या ते दहाव्या आठवड्याचे दिवस कोणी पाहत नाही, म्हणून मूल शेवटच्या पानावरच दवाखान्यात येतं. एखादं मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, रात्री अंथरूण ओलं करू लागलं, खाऊनही वाळू लागलं, तर त्याच दिवशी बोटाच्या एका थेंबावर साखर तपासून घ्या. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि पुढच्या वेळी 'उंदरांमध्ये मधुमेह बरा झाला' अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढं शोधा: उपचार कितव्या आठवड्यात सुरू केला, आणि त्या दिवशी उंदराची साखर किती होती. बातमीत ही दोन्ही नसतील, तर तिच्यावर आशा ठेवू नका.